पाटीवर उरलेलं नाव

आमच्या घरात सकाळ कॅनच्या झाकणांनी व्हायची. किकवीच्या वस्तीवरचं दूध संकलन केंद्र आमच्याच पुढच्या खोलीत होतं. त्यामुळे अंथरुणातून उठायच्या आधी ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम आपटल्याचा आवाज कानात शिरायचा, मागोमाग हायवेवरच्या ट्रकची घरघर, आणि मग आईचं ओरडणं, की अजून लोळताय कशा, माणसं दारात आली. त्या खोलीला दिवसभरात कितीतरी नावं असत. सकाळ-संध्याकाळ ती डेअरी. दुपारी तिथं आई तांदूळ निवडायला बसे, म्हणून ती आईची खोली. आणि तिन्हीसांजेचं दूध टेम्पोत चढलं की ती माझ्या भावाची, सुरेशदादाची. एकाचं सामान उचलल्याशिवाय दुसऱ्याला बूड टेकायला जागा नसे. आईचा नियम कडक होता: पुढच्यानं खोली घेताना कोपऱ्यांसकट झाडून घ्यायची. दादा मात्र आपली खुर्ची मावेल एवढीच जागा झाडायचा. तांदूळ निवडताना आईला कोपऱ्यात त्याच्या वायरींचे तुकडे सापडत आणि मग तिचं तोंड सुरू होई.

वडील मी लहान असतानाच गेले होते, त्यामुळे घरात आई, दादा, मी आणि दादाची बायको लता, एवढीच माणसं. वहिनी वेल्ह्याकडच्या डोंगरातली. माझ्याहून लहान, पण नात्यानं मोठी. मी तिला ‘वहिनी’ म्हणायची आणि ती मला ‘वन्सं’, आईला ‘आत्या’. माहेराहून येताना ती नाचणीचं पीठ आणायची, आणि तिच्या हातची नाचणीची भाकरी आणि वर ताज्या लोण्याचा गोळा खाल्ला की आईसुद्धा टोमणे मारायचं विसरायची. दहावी चांगल्या मार्कांनी झालेली पोर होती. लग्न झालं तेव्हा तिच्या पिशवीत शाळेचं विज्ञानाचं पुस्तक होतं. आईनं ते पाहिलं आणि हसून म्हणाली, ‘‘ह्यात भाकरी थापायची रीत दिलीया का गं?’’

भोरला कॉम्प्युटरचा क्लास निघाला तेव्हा पहिल्याच तुकडीत दादानं नाव घातलं. पुढं पुण्याहून एक वापरलेला कॉम्प्युटर त्यानं गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं आणला. नव्या नवरीला आणावं तसा आणला, असं आई म्हणायची. जुन्या बाजारातून लाल दिव्यांची एक लांबट पाटी मिळवून ती खोलीच्या दारावर टांगली, आणि सी भाषेत स्वतः प्रोग्राम लिहिला. दूध काट्यावर आलं की दादा सभासदाचा नंबर दाबायचा, आणि पाटीवर त्याचं नाव आणि लिटर लाल अक्षरांत उमटायचे. यंत्राला इंग्रजी अक्षरंच यायची, पण कुणाचं अडलं नाही. वाचता न येणाऱ्यांनी आपापल्या नावाची आकृती पाठ करून टाकली. आमचे चुलते तुकाराम काका सांगायचे, ‘‘माझं नाव लांबनं वळकतं. सुरवातीलाच टिकाव हाय.’’ आईलाही दादाचं नाव ओळखता यायचं. पहिल्यांदा साप, मध्ये पुन्हा एक साप, आणि शेवटी दोन खांब आणि मध्ये आडवा अडसर, आमच्या गोठ्याच्या दारासारखा. पाटी चालू केली की सगळे दिवे लागतात का हे पाहायला ती आधी एकदा ‘सुरेश’ दाखवायची आणि विझायची. देवाला हात जोडावेत तशी आई त्या वेळी पाटीकडे बघायची.

सी मला दादानंच शिकवली. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत करून घेताना कंपायलर दोन तऱ्हेनं बोलतो: चूक असली की अडून बसतो, आणि नुसता संशय असला की सूचना देऊन काम पुढं चालू ठेवतो. या सूचनेला वॉर्निंग म्हणतात. दादाचं तत्त्वज्ञान सोपं होतं. ‘‘एरर आली की थांबायचं, वॉर्निंग आली की चा प्यायचा.’’ त्याच्या प्रोग्रामला दर खेपेला एक वॉर्निंग यायची आणि दर खेपेला तो आत ओरडायचा, ‘‘लता, चा टाक!’’ वहिनीला त्या भाषेतलं काही कळत नव्हतं, पण पडद्यावर ती एक ओळ आली की चहाची वेळ झाली, एवढं तिलाही पाठ झालं होतं. मी आता साठीला आले. कॉलेजात पोरांना हाच विषय शिकवत जन्म गेला. वॉर्निंगकडे काणाडोळा करणाऱ्या पोरांवर मी फार चिडते, आणि चिडता चिडता मला आल्याच्या चहाचा वास येतो.

दादा सारोळ्याच्या पुलावर मोटारसायकलवरून गेला. त्याबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही.

दहावा तिथेच, नीरेच्या काठावर झाला. पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागं सरून उभे राहिलो. झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. मेलेल्याची इच्छा अडकलेली असली की कावळा शिवत नाही, ही समजूत आमच्याकडे घराघरात आहे. मग जवळच्या माणसानं पुढं होऊन एकेक वचन द्यायचं असतं. तुकाराम काका हात जोडून म्हणाले, ‘‘सुऱ्या, तुझ्या आईला आमी बघू.’’ कावळा हलला नाही. ‘‘डेअरी बंद पडू द्यायचो न्हाई.’’ नाही. ‘‘सुलीचं शिक्षान पुरं करू.’’ सुली म्हणजे मी. तरी नाही. ऊन चढत होतं, भटजी चुळबुळत होते. आईनं काकांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि काका मोठ्यानं म्हणाले, ‘‘लता ह्या घरातनं जानार न्हाई. ती तुझीच हाय, हितंच ऱ्हाईल.’’ शब्द संपतो न संपतो तोच एक कावळा खाली आला आणि पिंडाला चोच मारून गेला. बायका रडू लागल्या. वहिनी रडली नाही. ती त्या कावळ्याकडे बघत राहिली, तो नदीपार दिसेनासा होईपर्यंत.

यंत्र मी चालवायला लागले. दादाचा नंबर बंद केला आणि घरच्या म्हशीच्या दुधासाठी वहिनीला नवा नंबर दिला. त्यापुढं नाव काय घालायचं, तिथं अडलं. आजवर घरच्या दुधावर पुरुषाचंच नाव असे. आई म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ दे मोकळं. बगू फुडं.’’ म्हणून नावाची जागा मोकळी ठेवली. काटा बरोबर आहे ना हे कळावं म्हणून घरचं दूध आधी घालायचं, हा दादाचाच दंडक. दुसऱ्या दिवशी मी पाटी चालू केली. ती ‘सुरेश’ दाखवून विझली. आईनं डोळ्यांना पदर लावला. वहिनीनं बादली काट्यावर ठेवली, मी तिचा नंबर दाबला, आणि मोकळ्या नावाच्या जागी पाटीवर लाल अक्षरं उमटली. सुरुवातीच्या दोन अक्षरांची घरं काळी, आणि मग ‘रेश’. पहिला साप गेलेला, पण गोठ्याचं दार जसंच्या तसं.

ओळीत उभ्या असलेल्या माणसांनी हातातल्या किटल्या खाली ठेवल्या. आई उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, ‘‘आला गं बाई माजा.’’ वहिनीच्या हातातून बादलीची कडी सुटली. नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं, आमच्याकडे घेत नाहीत. ते असं तिच्यासमोर पेटून उभं राहिलं. मी नंबर पुसला, पुढचा दाबला, तर त्या माणसाचं नाव नीट आलं. संध्याकाळी यंत्र पुन्हा चालू केलं, वहिनीचं दूध आलं, आणि पुन्हा तेच. रोज दोन वेळा, फक्त तिच्याच पाळीला. मी कॉम्प्युटर शिकलेली मुलगी, भुताखेतांना हसणारी. पण त्या दिवसांत पाटी चालू करताना मी आधी देवाचं नाव घ्यायची, आणि खरं सांगायचं तर त्या भीतीत मला थोडं बरंही वाटायचं. दादा अजून कुठंतरी आहे, असं वाटायचं.

बघता बघता वस्तीवर बोलणं झालं. कामथडीहूनसुद्धा बायका बघायला आल्या. दुधाच्या वेळी दारात लिंबं दिसायला लागली. वहिनीशी लोक दबक्या आवाजात बोलू लागले, तिच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून पोरांना बाजूला ओढू लागले. ती दिवसेंदिवस वाळत चालली. आई मात्र तिला जपायला लागली, आणि ते जास्त वाईट होतं. जेवताना तिला साय वाढायची आणि म्हणायची, ‘‘खा. त्यो बगतोय.’’

अशातच वहिनीचा भाऊ वेल्ह्याकडून आला. पुण्यात नर्सिंगच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला होता. अर्ज दादानंच भरून दिला होता, तो जायच्या आधी थोडेच दिवस. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आईनं चहा दिला, कप खाली ठेवेपर्यंत वाट पाहिली आणि सांगितलं, ‘‘वचन दिलंय आमी. कावळा शिवलाय त्यावर. आन् त्यो रोज येतोय, तुमी सोता बगा सांच्याला.’’ भावानं संध्याकाळी पाहिलं. तो शेवटच्या एसटीनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गोठ्यात माझ्याजवळ आली. ‘‘वन्सं, मला जायाचं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘आत्या अडवत्यात म्हणून म्या ऱ्हाणार न्हाई, त्यांच्या पाया पडून जाईन. पन त्येनीच अडवलं तर? अर्ज तर त्येनीच भरला व्हता. मंग मरून असं का करत्यात?’’ मला पहिल्यांदाच संताप आला, दादावर. मग वाटलं, जिवंतपणी जो माणूस बायकोला दार उघडून देतो, तो मेल्यावर दारात आडवा पडणार नाही. माझ्या भावाला मी ओळखत होते.

त्याच दुपारी मी त्याचा प्रोग्राम उघडला. त्याच्या मृत्यूनंतर मी त्याला हात लावला नव्हता, नुसता चालवत होते. पुन्हा कंपाइल केला तशी ती जुनी ओळ पडद्यावर आली, चहाची ओळ. ‘एक्सेस एलिमेंट्स इन युनियन इनिशियलायझर’. इतकी वर्षं पाहिलेली ती ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

सीमध्ये युनियन नावाची सोय असते. आमच्या पुढच्या खोलीसारखीच: जागा एक, वापरणारे अनेक, पण एका वेळी एकच. दादानं अशी एक खोली केली होती. तिच्यात कधी सभासदाचा नंबर ठेवायचा, कधी नाव. नंबराला दोन घरं पुरतात, नावाला सोळा लागतात. सुरुवातीला खोली साफ करायची म्हणून त्यानं कंसात दोन गोष्टी लिहिल्या होत्या: नंबर शून्य, नाव कोरं. पण युनियनला सुरुवातीची किंमत एकच देता येते. कंपायलर पहिली घेतो, दुसरी दाराबाहेर ठेवतो, आणि तेवढंच त्या वॉर्निंगमध्ये सांगतो. म्हणजे झाडून निघायची ती नंबराला लागणारी दोन घरं. बाकीच्या चौदा घरांत आधीच्या पाहुण्याचं जे असेल ते तसंच. पुढं नवं नाव आलं की ते सगळ्या खोलीभर पसरायचं आणि कुणाला काही कळायचं नाही. वहिनीच्या नंबराला नावच नव्हतं. आणि तिच्या आधी त्या खोलीत राहून गेलेला पाहुणा म्हणजे पाटी चालू होताना उमटणारं ‘सुरेश’. माझ्या भावानं इथंही खुर्चीपुरतीच जागा झाडली होती.

खात्री करायला मी डेअरीत कुणी नसताना आधी तुकाराम काकांचा नंबर दाबला, मग वहिनीचा. पाटीवर ‘काराम’ आलं. मी खुर्चीतच बसून रडले. मला आनंद व्हायला हवा होता, पण दादा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि या खेपेला त्याला घालवणारी मी होते.

आईला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी माणसं जमल्यावर मी म्हटलं, ‘‘काका, आज तुमचं दूध आदी घाला.’’ काकांनी घातलं. त्यांचं टिकावाचं नाव नीट उमटलं. ‘‘आता वहिनी.’’ वहिनीनं बादली ठेवली, मी नंबर दाबला. पुढची दोन घरं काळी, आणि मागं काकांचं उरलेलं नाव. क्षणभर कुणाला समजेना. मग काकांना आपल्या नावाचं शेपूट ओळखू आलं आणि ते किंचाळले, ‘‘अगं, म्या जिता हाय की! हे काय इपरीत!’’ मागं उभी असलेली पोरं फिसकन हसली, मग सगळेच हसले. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत हसू आलं. एकानं काकांचा हात चिमटून पाहिला.

आई आतून आली. तिच्या हाताला पीठ होतं. ‘‘आई, त्यो दादा नव्हता,’’ मी म्हटलं. ‘‘ज्याचं नाव आदी येतं, त्याचं उरतं. खोली पुरती झाडली जात न्हाई यंत्रात.’’ ती पाटीकडे बघत होती. हसणं हळूहळू थांबलं. मग तिनं मला विचारलं, ‘‘आन् मंग कावळा? त्यो बी तुज्या कंपूटरातनंच आलता व्हय?’’

मी पुढचा नंबर दाबला. विद्यार्थ्यांच्या कितीतरी शंका मी फळ्यावर सोडवल्या, पण नदीकाठी त्या शब्दांवर तो कावळा का उतरला, हे मला अजून सुटलेलं नाही. त्या संध्याकाळी भाकरी आईनंच केली, नाचणीची, आणि पहिली वहिनीच्या ताटात घातली.

सकाळी पाटी चालू करायच्या आधी आई येऊन माझ्या खुर्चीमागं उभी राहिली. रात्रभर ती झोपली नसावी. ‘‘तिच्या नंबराला तिचं नाव घाल,’’ ती म्हणाली. ‘‘मोकळी जागा ठेवली म्हणूनच हे समदं झालं न्हवं?’’ मी वहिनीला बोलावलं आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिनं एका बोटानं, एकेक अक्षर शोधत आपलं नाव लिहिलं. इंग्रजीत चारच अक्षरं. मी पाटी चालू केली, ‘सुरेश’ आलं आणि विझलं. बादली काट्यावर आली. मी नंबर दाबला.

‘लता’ उमटलं. आणि त्याच्यामागं, एक घर मोकळं सोडून, एकटं शेवटचं अक्षर. दोन खांब आणि मध्ये अडसर.

सगळी चूक शोधली असं मला वाटत होतं. असं का झालं ते दुपारी कळलं: बाकीच्यांची नावं घालताना दादा उरलेल्या घरांत मोकळ्या जागा भरायचा, सोळाच्या सोळा घरं पुरी करायचा. वहिनीनं नुसतं नाव लिहून बटण दाबलं होतं, आणि तिचं नाव दादाच्या नावाहून आखूड होतं: चार घरं नावाला, पाचवं नाव संपल्याच्या खुणेला, आणि सहाव्यात दादाचं तसंच. पण त्या क्षणी हे मला ठाऊक नव्हतं. वहिनीनं आईकडे पाहिलं. आता आई काय म्हणेल, यावर तिचा जन्म टांगलेला होता.

आई पाटीजवळ गेली. लता या नावाची आकृती तिला येत नव्हती, पण शेवटचं अक्षर तिचं ओळखीचं होतं. ‘‘ह्यो त्याचाच खांब,’’ ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, वहिनीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, ‘‘काल फुडं उभा व्हता. आज मागं सरलाय. जा पोरी, वाट दिलीया त्यानं.’’

वहिनी गेली. एसटीत चढताना तिच्या पिशवीत नाचणीचं पीठ होतं, या खेपेला आमच्या घरून दिलेलं, आणि ते विज्ञानाचं पुस्तक. ती शिकली, पुण्याच्या दवाखान्यात नोकरीला लागली, पुढं तिनं संसारही केला. दिवाळीला यायची तेव्हा आई तिला लेकीसारखी न्हाऊ घालायची. मला ती अजून ‘वन्सं’च म्हणते. नव्या पाटीनं दादाची पाटी कधीच घालवली, ती खोलीही आता पाडली.

पण ती गेली त्या दिवशीची संध्याकाळ मला जास्त आठवते. घरची बादली घेऊन आईच आली आणि म्हणाली, ‘‘लताच्याच नंबरावर घाल.’’ पाटीवर वहिनीचं नाव आलं, आणि मागं ते अक्षर. तोवर मला चूक सापडली होती. मोकळी जागा टाकणारं लांब बटण काही वेळा दाबलं की काम भागलं असतं. मी म्हटलं, ‘‘आई, ते शेवटचं काढता येतंय. काढू का?’’

आईनं बादली रिकामी केली, कडेचं दूध बोटानं पुसून घेतलं.

‘‘ऱ्हाऊ दे,’’ ती म्हणाली. ‘‘पोर पहिल्यांदाच एवढ्या लांब गेलीया. संगतीला कुनीतरी असू दे.’’